सोळावा रकाना

बिरोबा मेंढपाळ सहकारी सोसायटी, मासाळवस्ती, ही बारामती-इंदापूर रस्त्यावर निमगाव केतकीच्या थोडी अलीकडे होती. सभासद एकशे बारा. त्यांतल्या एकशे नऊ जणांकडे मेंढ्या नव्हत्या. ऊस होता, जर्सी गाई होत्या, दोघांकडे जीप होती आणि एकाचं इंदापुरात झेरॉक्सचं दुकान होतं. पण मेंढपाळाकडे मेंढी असलीच पाहिजे असं पोटनियमांत कुठंही लिहिलेलं नव्हतं. ज्याच्या आज्याने मेंढरं राखली त्याच्या रक्तात मेंढपाळी असतेच, असं चेअरमन मानसिंगराव दर वार्षिक सभेत सांगत, आणि रक्त तपासायची सोय त्या काळी बारामतीशिवाय नव्हती.

शहाण्णव सालच्या जानेवारीत या सोसायटीला अमेरिकेहून पत्र आलं. टेक्सास नावाच्या मुलखातले क्लाइड नावाचे कुणी साहेब मेंढपाळांच्या सोसायट्या पाहत हिंडत होते. त्यांच्याकडे हजार मेंढ्या होत्या. अठरा दिवसांनी ते मासाळवस्तीला येणार होते आणि सोसायटी पसंत पडली तर दोन जातिवंत मेंढे भेट देणार होते. पत्राबरोबर एक कॅसेट होती आणि एक कागद. कागदावर उभ्या सहा रेघा, आडव्या पाच रेघा आणि त्यांत काळे ठिपके, अशी तीन चित्रं होती. खाली सोळा रकाने काढून प्रत्येकात एकेक इंग्रजी अक्षर लिहिलं होतं.

व्हाइस चेअरमन दादासोंनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि सांगितलं, "हा गोठ्याचा नकाशा हाय. काळं ठिपकं म्हंजे मेंढ्या. कशा बांधायच्या ते दाखवलंय."

"एवढ्या लांब लांब?" साखरबाईंनी विचारलं. साखरबाई महिला राखीव जागेवरच्या संचालक. खऱ्या मेंढ्या असलेल्या तीन सभासदांपैकी एक.

"त्यांच्यात जागा लय हाय."

दादासोंची मुलगी प्रतिक्षा बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. तिने पत्र वाचलं तेव्हा मेंढ्या सुटल्या. साहेबांनी लिहिलं होतं की त्यांच्या भागात गुराखी आणि मेंढपाळ गिटारवर जुनी गाणी म्हणतात. तीन कॉर्ड, म्हणजे तारांवर बोटं ठेवायच्या तीन तऱ्हा, आल्या की शंभर गाणी वाजवता येतात. तुम्हीही मेंढपाळ, तुमचीही गाणी असतील. कागदावर माझ्या आजोबांचं एक गाणं देतोय. आपण मिळून म्हटलं तर मला फार आनंद वाटेल.

कॅसेट लावली. एक माणूस नाकात गात होता.

"काय म्हणतोय?" मानसिंगरावांनी विचारलं.

"मेंढरं घेऊन बाजाराला गेलता," प्रतिक्षा म्हणाली. "वाटंत पाऊस लागला, कुत्रं मेलं, बाजारात भाव पडला. आता परत निघालाय. शेवटी आपल्या दारात येतो."

"आन बायको?"

"तिचं काय सांगितलं न्हाय."

"गेली आसंल," साखरबाई म्हणाल्या. "त्याबिगर माणूस नाकात गात न्हाय."

त्यांनी असंही सुचवलं की आपल्याकडे ओव्या आहेत, त्या म्हणाव्यात. त्यावर मानसिंगराव म्हणाले की ओव्या रोजच्याच आहेत. पाहुण्याला पाहुण्याचं गाणं ऐकवलं तर मेंढे हातचे जात नाहीत. हा मुद्दा सर्वांना पटला आणि फारुक मास्तरांना बोलावणं गेलं.

फारुक मास्तर हे निमगाव केतकीचे बँडमास्तर. त्यांच्या वडिलांच्या काळात बँडमध्ये चौदा माणसं होती. फारुकच्या काळात लग्नाच्या वरातीपुढे ट्रॅक्टरवर स्पीकरच्या भिंती आल्या आणि चौदाचे चार झाले. चारांतला एक झांजवाला होता, तो उन्हाळ्यात कलिंगडं विकायचा. फारुककडे मात्र एक गिटार होती. इंदापुरातला एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा सनईच्या बदल्यात मिळालेली. पुण्याहून आणलेल्या चित्रांच्या पुस्तकावरून त्याने तीन कॉर्ड बसवल्या होत्या आणि त्या तिन्हींवर तो सगळं वाजवत असे. देवाचं, लग्नाचं, सिनेमाचं, सगळं.

त्याला एकच गोष्ट हवी होती. सोसायटीच्या इमारतीला रस्त्याच्या कडेने चार गाळे होते. त्यातला चौथा रिकामा होता. समोर एसटीचा थांबा. तिथं पाटी लावायची: 'गिटार क्लास. तीन कॉर्डमध्ये कोणतेही गाणे.' थांब्यावर गाडीची वाट बघणारी कॉलेजची पोरं रोज ती पाटी वाचणार; वाचून वाचून कंटाळून तरी आत येणार. गेली तीन वर्षं तो अर्ज करत होता. पण फारुक सोसायटीचा सभासद नव्हता, आणि सभासद नसलेल्याला गाळा द्यायचा तर तिन्ही गटांच्या सह्या लागत. सोसायटीत तीन गट होते. मानसिंगरावांचा, दादासोंचा आणि साखरबाईंचा. तिघांच्या सह्या एका कागदावर आजवर फक्त लग्नपत्रिकेत आल्या होत्या, त्याही 'आपले नम्र' म्हणून छापलेल्या.

"गाणं नीट बसीव," मानसिंगराव म्हणाले. "साहेब खूश होऊन गेला की दुसऱ्या दिवशी तुज्या गाळ्याचा ठराव. काय दादासो?"

"आमची ना न्हाय."

"बाई?"

"नीट बसलं तर," साखरबाई म्हणाल्या.

फारुकने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला. "सोपं हाय. ए, डी आणि जी. एक माणूस द्या, पंधरा दिवसांत तिन्ही शिकवतो."

"कुणाचा माणूस?" दादासोंनी विचारलं.

"कुणाचा बी."

"तसं नसतंय मास्तर. माणूस कुणाचा तरी असतोच."

मानसिंगरावांनी आपला पुतण्या पुढे केला. तर मग गाणं चेअरमनच्या गटाचं झालं, असं दादासो म्हणाले, आणि त्यांनी आपला भाचा पुढे केला. साखरबाईंनी नुसती पानाची चंची उघडली, म्हणजे त्या उठणार नाहीत हे सर्वांना कळलं. पाऊण तासाने तोडगा निघाला आणि ज्याने तो काढला त्याचं नाव इतिवृत्तात नाही. कॉर्ड तीन, गट तीन. प्रत्येक गटाला एक कॉर्ड द्यावी.

"अवो, पण तिन्ही एकाच हातानं वाजत्यात," फारुक म्हणाला.

"सोसायटी बी एका हातानं चालती," दादासो म्हणाले. "म्हणून चालू द्यायची व्हय?"

मग वाजवणार कोण, तर फोटोत जे दिसायला हवेत ते. म्हणजे तिन्ही पुढाऱ्यांनी स्वतः.

कॉर्डचं वाटप ज्येष्ठतेने झालं. ए हे इंग्रजीतलं पहिलं अक्षर म्हणून ते चेअरमनकडे गेलं. डी त्यानंतर येतं म्हणून व्हाइस चेअरमनकडे. बी आणि सी यांना का वगळलं, अशी विचारणा झाली. या गाण्यात त्यांचं काम नाही, असं फारुकने सांगितलं, ते सर्वांना आपापल्या अनुभवावरून समजलं. उरलेली जी साखरबाईंना मिळाली.

"शेवटचंच आलं माज्या वाट्याला," त्या म्हणाल्या. "चालंल. कळपात मागं चालणाऱ्याला समदं दिसतं."

दुसरी गिटार प्रतिक्षाने कॉलेजच्या गॅदरिंगवाल्यांकडून आणली. तिसरी इंदापुरातल्या त्याच मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडे निघाली. तिला पाच तारा होत्या. ती मानाने चेअरमनकडे गेली, कारण तिच्यावर मोर होता.

शिकवणी सोसायटीच्या गोदामात सुरू झाली. ए ही कॉर्ड दिसायला सोपी. तीन बोटं शेजारीशेजारी एकाच पट्टीत ठेवायची, एका बाकावर तीन पोरं बसतात तशी. पण मानसिंगरावांच्या बोटांत अंगठ्या होत्या आणि अंगठ्यांखाली बोटंही भरपूर होती.

"माजी दोनच बसत्यात मास्तर. तिसरं भाईर ऱ्हातंय."

"अंगठ्या काढा की तात्या."

"त्या ग्रहावर हायेत. काढल्या तर मेंढंच येणार न्हाईत."

शेवटी मानसिंगराव दोन बोटांची ए वाजवू लागले. तिसरं बोट निमंत्रित म्हणून वर उभं राहायचं.

दादासोंच्या बोटांची टोकं दुसऱ्या दिवशी सुजली. शेत वाट्याने लावल्याला त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून सहीच्या पेनापेक्षा टणक काही त्यांच्या हातात आलं नव्हतं. ते हळद लावून बसले. फारुकने त्यांना समजावलं की दहा दिवसांत घट्टे पडतील, मग दुखायचं थांबेल.

"घट्टं पडलं तर लोक काय म्हणतील? दादासो काम करतोय म्हणतील."

साखरबाईंची जी सगळ्यांत अवघड होती. एक बोट वरच्या जाड तारेवर, एक पार खालच्या बारीक तारेवर, आणि हात असा ताणायचा, दोन भांडखोर कोकरांना एका हाताने धरल्यासारखा. त्यांनी तो पहिल्याच दिवशी ताणला. चाळीस वर्षं चातीवर लोकर कातून बोटं तयारच होती. तार वाजली तशी त्यांनी मान थोडी तिरकी केली आणि ती पूर्ण विझेपर्यंत ऐकली. मग पुन्हा वाजवली. फारुकने ते पाहिलं आणि मनात म्हणाला, या बाईला तिन्ही द्यायला पाहिजे होत्या. मोठ्याने म्हणण्याइतका तो नवखा नव्हता.

आठव्या दिवशी तिन्ही कॉर्ड एकत्र आल्या. फारुकने भिंतीवर खडूने सोळा रकाने काढले, साहेबांच्या कागदावरची अक्षरं त्यात लिहिली आणि काठीने एकेक दाखवत गेला. ज्याचं अक्षर येईल त्याने वाजवायचं. दोनदा अडखळून तिसऱ्या वेळी चक्क गाणं झालं. खरोखरीचं गाणं. गोदामात खताच्या पोत्यांवर बसलेले सभासद पुढे सरकून बसले. मेंढरं, पाऊस, कुत्रं, भाव, सगळं होऊन माणूस शेवटच्या रकान्यात आपल्या दारात येऊन पोचला होता.

फारुकच्या डोळ्यांसमोर गाळ्याचं शटर वर गेलं.

आणि मग मानसिंगराव उठले, भिंतीजवळ गेले आणि बोटाने रकाने मोजू लागले.

"डी नऊ," ते म्हणाले. "ए चार. जी तीन." ते वळले. "दादासो, हे काय हाय?"

"मला काय ठावं," दादासो म्हणाले. पण ते बसले होते त्याहून जरा ताठ बसले.

"चेअरमनला चार आन व्हाइस चेअरमनला नऊ. आवो मास्तर, तुमी कुणाच्या सांगण्यावरनं हे केलं?"

"मी न्हाय केलं तात्या. साहेबाच्या आज्यानं केलं."

"आज्याचा आन दादासोंचा काय संबंध?"

फारुकने समजावून सांगायचा प्रयत्न केला. गाण्याला एक मूळ कॉर्ड असते. गाणं तिच्यातनं निघतं, इकडं तिकडं फिरतं आणि तिच्यातच परत येतं. या गाण्याची मूळ कॉर्ड डी आहे. "दिवसभर मेंढरं कुठं बी चरूं द्या, संध्याकाळी वाड्यावरच येत्यात का न्हाय? तसं."

"येत्यात की," साखरबाई म्हणाल्या. "पर वाडा दादासोंचाच कशापायी?"

फारुकने काठी खाली ठेवली.

तातडीची सभा तिथंच पोत्यांवर भरली. तिघांना सारखे रकाने, हे तत्त्व पहिल्या पाच मिनिटांत मान्य झालं. पण सोळाला तीनने भाग जात नव्हता. एक रकाना उरत होता, आणि उरलेला रकाना कुणाला हा प्रश्न आला तेव्हा सोसायटीने आजवर उरलेल्या प्रत्येक गोष्टीचं जे केलं होतं तेच केलं. तो रद्द केला. सोळावा रकाना डस्टरने पुसण्यात आला. पंधरा राहिले. प्रत्येकी पाच.

क्रमाचाही प्रश्न होता. तो सभेच्या रिवाजाने सुटला. दीपप्रज्वलन बाईंच्या हस्ते असतं, म्हणून सुरुवात जी ने. मधे मनोगत, ते डी चं. आणि अध्यक्षीय भाषण शेवटी असतं हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा शेवट ए ने. जी, डी, ए. पुन्हा जी, डी, ए. असं पाच वेळा. सरपंचपद वाटून घेतात तसं फिरतं.

"अवो, ए वर गाणं संपत न्हाय," फारुक म्हणाला. आता त्याचा आवाज जरा बदलला होता. "लोंबकाळत ऱ्हातं. एक पाय एसटीच्या पायरीवर, एक रस्त्यावर, आन कंडक्टर घंटी मारीना. बाकी कसं बी फिरवा, माजं म्हणणं न्हाय. पण शेवटाला एक डी पायजे."

"अध्यक्षांच्या नंतर कुणी बोलतं का?" मानसिंगरावांनी विचारलं.

इथं फारुकला आयुष्यात एकदाच सुचावं असं काही सुचलं. "बोलतं की तात्या. आभार मानणारा. अध्यक्षीय भाषण झालं की आभारप्रदर्शन असतंच. ही शेवटची डी आभाराची समजा."

मानसिंगरावांनी विचार केला. आभाराला त्यांची हरकत नव्हती. साखरबाईंनीही मान हलवली. फारुक दादासोंकडे वळला.

"म्हंजे नऊ रकानं होतं ते पाच केलं," दादासो म्हणाले, "आन आता वरनं मीच आभार मानायचं. कुणाचं? मानसिंगरावांचं? मी मेलो तरी ती डी वाजवनार न्हाय. लिहून घ्या."

लिहून घेतलं गेलं.

फारुक घरी गेला. फरजाना चुलीपुढे बसली होती. त्याने सगळं सांगितलं. रकाने, रिवाज, आभार. तिने भाकरी उलटली.

"तुमाला गाळा पायजे का गाणं पायजे?" तिने विचारलं. "एकदा ठरवा आन भाकर खावा."

"गाळा," फारुक म्हणाला.

"मंग लोंबकाळूं द्या की. तुमी थोडंच लोंबकाळताय."

पुढचे दिवस फारुकने तेच शिकवलं. जी, डी, ए. जी, डी, ए. आणखी एक अडचण होती: गाणार कोण? गाणाऱ्यालाही गट असतोच. शेवटी साहेबांनी स्वतःच गावं असं ठरलं, कारण त्यांचा मतदारयादीशी अजून काहीच संबंध नव्हता.

ठरलेल्या दिवशी क्लाइड साहेब जीपमधून उतरले. सहा फूट उंच, तांबूस, डोक्यावर भली मोठी टोपी. सत्काराला फेटा बांधायचा होता, पण टोपी काढायला कसं सांगायचं हे प्रतिक्षालाही इंग्रजीत सुचेना. मग फेटा टोपीवरूनच बांधला. साहेब अजून उंच झाले. त्यांच्या अंगावर सोसायटीची शाल घातली गेली, हातात नारळ दिला. त्यांनी साखरबाईंची मेंढरं पाहिली, एका मेंढीचा जबडा उघडून दात मोजले, लोकर बोटांत धरून ओढून बघितली आणि साखरबाईंना इंग्रजीत काही विचारलं. साखरबाईंनी त्यांना मराठीत उत्तर दिलं. दोघं पाच मिनिटं बोलत होते आणि दुभाषी लागला नाही. बाकीच्या एकशे नऊ सभासदांच्या मेंढ्या चरायला लांब गेल्या आहेत, असं मानसिंगरावांनी कळवलं.

मग मांडवात तीन खुर्च्या, तीन गिटारी. साहेबांनी मेंढपाळांच्या हातांत गिटारी पाहिल्या आणि छातीवर हात ठेवला. प्रतिक्षाने त्यांना गायची विनंती केली. फारुक दादासोंच्या खुर्चीमागे उभा राहिला, कारण दादासोंना रकाना आला की पाठीवर टिचकी मारून सांगावं लागे.

जी वाजली. साहेबांनी तोंड उघडलं. त्यांच्या आजोबांच्या पद्धतीने पहिल्या चार रकान्यांत माणूस बाजाराला निघायचा. इथं पहिल्या तीन रकान्यांतच तो बाजारात जाऊन, विचार बदलून, भलत्याच गावाच्या फाट्यावर उभा राहिला. साहेब थांबले. हसले. कानावर हात ठेवून पुन्हा सूर पकडला. भला माणूस होता. चुकल्या गुरामागे जावं तसा तो त्या कॉर्डमागे गेला. पाऊस एका ठिकाणी पडला, कुत्रं दुसऱ्याच ठिकाणी मेलं. पण साहेबांनी एकालाही वाऱ्यावर सोडलं नाही; घामाघूम होऊन त्यांनी कळप पंधराव्या रकान्यापर्यंत आणला.

मानसिंगरावांनी शेवटची ए वाजवली. अध्यक्षीय. दोन बोटं खाली, एक वर.

गाण्यातला माणूस दाराशी आला होता. फक्त 'दार' हा शब्द राहिला होता. साहेबांनी त्याच्या आधीचा शब्द धरून ठेवला आणि डी ची वाट पाहिली. डी आली नाही. साहेबांनी श्वास घेतला आणि तोच शब्द पुन्हा धरला. मांडवातल्या अडीचशे माणसांपैकी कुणाला ए आणि डी यांतला फरक सांगता आला नसता. पण एकानेही टाळी वाजवली नाही. हात वर आले होते आणि तिथंच थांबले होते. मागे एका बाईने पोराला सांगितलं, थांब, अजून व्हायचंय. साखरबाईंनी मान तिरकी केली होती आणि त्या दादासोंकडे बघत होत्या.

दादासोंचा डावा हात डी वर होता. दोन आठवड्यांच्या सवयीने तो आपोआप तिथं जाऊन बसला होता. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि ते समोर बघत होते. लिहून दिलेला माणूस बघतो तसे.

फारुकने गाळ्याचा विचार केला. हे त्याने नंतर फरजानाला शपथेवर सांगितलं. पाटीचा, थांब्याचा, पोरांचा, सगळा विचार केला. आणि मग तो दादासोंच्या खांद्यावरून वाकला आणि अंगठ्याने तारा छेडल्या.

डी वाजली. साहेबांच्या तोंडून शेवटचा शब्द सुटला आणि माणूस आपल्या दारात पोचला.

टाळ्या तीन मिनिटं चालल्या असतील. साहेब चेअरमनना ओलांडून, व्हाइस चेअरमनना ओलांडून फारुककडे आले, त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, आणि आपल्या अंगावरची सोसायटीची शाल काढून त्याच्या खांद्यांवर घातली.

मेंढे मिळाले. त्याबद्दल पुढे कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाची सभा भरली. विषय: सोळाव्या रकान्याची घटना. सोसायटीने रद्द केलेला रकाना परस्पर वाजवण्यात आला, हे निर्विवाद होतं. कुणी वाजवला यावर चर्चा झाली. डावा हात दादासोंचा आणि उजवा फारुकचा, तेव्हा निम्मी जबाबदारी दादासोंच्या गटाची, असं मानसिंगरावांचं म्हणणं पडलं. आपल्या डाव्या हाताचा बाहेरच्या माणसाने गैरवापर केला, असं दादासोंनी सांगितलं. आणि त्यातून आपण आभार मानले असा समज पसरलाय. सकाळपासून चार जणांनी त्यांना 'आभारी आहे' म्हणून हाक मारली होती. मानसिंगरावांना शालीचं लागलं होतं. सोसायटीची शाल, ठरावाविना, गैरसभासदाच्या अंगावर, चेअरमनच्या डोळ्यांदेखत.

"बाई, तुमचं?"

साखरबाईंनी चंची मिटली. "गाणं झालं ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पर मला न विचारता झालं. माजी बी सही घ्या."

चौथा गाळा फारुक मास्तर यांना देऊ नये, तसंच तूर्त कुणालाच देऊ नये, असा ठराव झाला. सोसायटीच्या एकोणीस वर्षांच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला तो पहिला ठराव. सभा संपल्यावर तिन्ही गटांनी एकत्र चहा घेतला. तिघांनाही एकमेकांबद्दल इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

फारुकला ठरावाची प्रत पोस्टाने आली. त्याने ती दोनदा वाचली आणि फरजानाच्या हातात दिली. तिने शाल उन्हात टाकली.

प्रत आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात साखरबाई उभ्या होत्या. पदराआड कॉलेजची गिटार होती. ती अजून परत गेली नव्हती.

"मास्तर, राहिलेल्या दोन शिकवा," त्या म्हणाल्या. "कुणाच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाय आता. आन हे भाईर बोलायचं न्हाय."

फारुकने त्यांना आतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर बसवलं आणि डी दाखवली.

दुपारी दादासो मागच्या दाराने आले. त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते आणि ते वाया जाऊ नयेत असं त्यांना वाटत होतं. ए आणि जी पाहिजे होत्या. साहेब पुन्हा आला तर सगळं गाणं एकट्याने वाजवून दाखवायचं, एवढीच इच्छा. मानसिंगरावांना कळता कामा नये. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मोराची गिटार टॉवेलात गुंडाळून मानसिंगराव आले. अंगठ्या काढलेल्या होत्या.

तिघांनाही फारुकने विचारलं की गाळ्याचं काय. तिघांनीही सांगितलं की आपली काही हरकत नव्हती, बाकीच्या दोघांनी घोळ घातला.

आठवडाभरात फारुकने वेळा बांधून दिल्या. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी साडेपाच. खोली तेवढीच, पेटी तीच. एकदा साखरबाईंचा धडा लांबला आणि दादासो लवकर आले, तेव्हा फरजानाने त्यांना अर्धा तास कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभं केलं. त्यानंतर तिने उंबऱ्याच्या आत एक गोणपाट अंथरलं.

"चपला आत काढा," ती प्रत्येकाला सांगे. "दाराशी दिसल्या तर कुणाच्या हायेत ते अख्ख्या गावाला कळतंय."

प्रत्येक जण मुकाट्याने चपला उचलून आत येई. फारुक दार लावून घेई, पेटीवर समोर बसे, आणि न आलेल्या दोन कॉर्डपैकी सोपी कुठली तिथपासून सुरुवात करी.